आतोबांचं खारं पाणी

“आणि ते काचेतलं? तेही ओतावंच लागेल की.”

धारहून इंदूर, इंदूरहून देवास अशा बस बदलत मी आत्याच्या दारात पोचले, तेव्हा आतून ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. आतोबांना घेऊन पुरुषमंडळी निघून गेली होती. अंगणात बायका घरातलं भरलेलं पाणी ओतत होत्या... माठ, कळशी, मोरीतली बादली, आणि शेवटी स्वयंपाकघरातलं मोठं पिंप. घरात मृत्यू झाला की साठवलेलं पाणी ठेवायचं नाही, ही रीत. पण चैत्र संपत आलेला, नळ कोरडे, आणि टँकरच्या रांगेत उभं राहून भरलेलं ते पिंप आडवं झालं तेव्हा शेजारच्या एका काकूंनी पटकन तोंड फिरवलं. रडायचं सोडून मी त्या मातीत जिरणाऱ्या पाण्याकडेच पाहत राहिले.

बोलणाऱ्या होत्या अक्का, आतोबांची थोरली बहीण. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला म्हणून अकोल्याहून आल्या होत्या आणि धाकट्या भावाला पोचवायची वेळ त्यांच्यावर आली. ‘काचेतलं’ म्हणजे बैठकीत खिडकीजवळ ठेवलेली आतोबांची टाकी. तिच्यात समुद्राचं पाणी होतं आणि त्या पाण्यात समुद्रातले जीव होते, जिवंत. कुणीतरी म्हणालं, “ती जड आहे हो, माणसं लागतील.” “मग सुतक फिटेल त्या दिवशी,” अक्का म्हणाल्या, “घर धुताना.” तेवढ्यावर ते थांबलं. मी चपला काढल्या, आत गेले आणि आत्याजवळ बसले.

त्याला आता काही आठवडे झाले. आतोबांवर लिहावं म्हणून बसते, पण एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहून उठते, टाकीपर्यंत जाते, परत येते. ही खोड माझी नव्हे, त्यांची. आत्याच्या यजमानांना आमच्या धारच्या घरात जुन्या चालीप्रमाणे आतोबा म्हणतात, देवासच्या कॉलनीत मात्र ते सगळ्यांचे वसंतकाका होते. कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीचं काम. पेपर ते फेऱ्या मारत वाचायचे, चहा उभ्यानं प्यायचे, आणि कुणाच्या लग्नाला गेले तर पंगतीतून उठून मांडवाचा पंखा दुरुस्त करायला घ्यायचे. आत्या म्हणायची, “ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. लग्नात सप्तपदीसुद्धा ह्यांनी माझ्यापुढे जाऊन संपवली.”

मी त्यांच्याकडे आले ती शाळेसाठी. बाबांच्या बदल्या राजगढ, कुक्षी अशा गावांतून होत, आणि मुलीनं इंग्रजी शाळेतच शिकावं असा आईचा हट्ट होता, म्हणून मला देवासला आत्याकडे ठेवलं. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी. तिन्हीकडे मी अडखळत असे, म्हणून तिन्हीकडे गप्प असे. जेवताना आत्या विचारायची, “आज शाळेत काय झालं गं?” मी म्हणायची, “काही नाही.” आतोबा ताटावरून अर्धवट उठलेलेच असत. अशी आमची संध्याकाळ.

टाकी आली साळवींमुळे. साळवी कारखान्यात आतोबांचे जोडीदार, मूळचे मुरूडजवळच्या गावचे. एका सुट्टीत ते आतोबांना आपल्या गावी घेऊन गेले. आतोबांना समुद्राचं काही कौतुक वाटलं नाही. तो नुसता तेच तेच करत राहतो, असं ते नंतर सांगायचे. पण ओहोटीला साळवींनी त्यांना खडकांवर नेलं, आणि एका खळग्यात साठलेल्या पाण्यात आतोबांना काय दिसलं देव जाणे, पाणी चढायला लागेपर्यंत ते तिथं उकिडवे बसून राहिले. साळवी ही गोष्ट हसत सांगत. “वसंता बसला. मी म्हटलं, ह्याला चक्कर तर नाही आली?”

परत आले ते दुधाची मोठी कॅन भरून समुद्र आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड घेऊन. दगड दिसायला साधे, भोकाभोकांचे, पण साळवींनी बजावून सांगितलं होतं की हे दगड नाहीत, ही वस्ती आहे. भोकांत किडे, शंख, गोगलगायी, आणि पृष्ठभागावर प्रवाळांच्या जातीतले बटणाएवढे जीव, बाहेर काढल्यावर मिटून घेतलेले. पहिली टाकी आतोबांनी लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवली. यंत्रावरच्या माणसानं अशी चूक करावी याचं त्यांना पुढे कित्येक वर्षं हसू येत असे. खाऱ्या पाण्यानं चौकट बघता बघता गंजली आणि टाकीत तांबडे ओघळ उतरले. मग नुसत्या काचेची टाकी, हवेचा पंप, वर ट्यूबलाइट. पाणी आणि दगड परत आणावे लागले.

आणि मग वास. दगडांतलं जे प्रवासात मेलं होतं ते सडायला लागलं. आत्या धारच्या जुन्या घराण्यातली, तिच्या माहेरी अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. ती नाकाला पदर लावून बैठकीच्या दारात उभी राहिली. “अहो, लोक काय म्हणतील? ह्यांच्याकडे बोंबील शिजून राहिले?”

“शिजत नाहीत,” आतोबा म्हणाले. “जगतायत.”

“जगण्याचा असा वास येतो?”

साळवींनी सांगितलं होतं, दगड ठेव, पाणी ठेव, हवा चालू ठेव आणि हात लावू नकोस. पाणी आपलं आपण बसेल, महिना लागेल, जास्तही लागेल. बाकी सगळं आतोबांना जमलं, हात न लावणं जमेना. येता जाता ते बाही वर करून दगड सरकवत, वाळू सारखी करत, पाणी परत गढूळ करत. शेवटी आत्यानं टाकीवर पोळपाट ठेवला आणि वर लाटणं. “ह्याला हात लागला की मला आवाज येईल,” म्हणाली. तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायला लागले. नुसते बसायला. वास कमी झाला, काचेवर तपकिरी शेवाळ आलं, मग हिरवं, तरी ते बसून होते. मला हाक मारत, “मंजू, ये. ड्यूटीवर ये.” सकाळची पाळी माझी, कारण शाळा दुपारची. संध्याकाळी कारखान्यातून आले की स्कूटर उभी करायच्या आधी विचारत, “पाळीत काय घडलं?”

आधी मी म्हणायची, काही नाही. “असं चालत नाही,” ते म्हणायचे. “मशीन बंद असलं तरी पाळीवाला लिहितो, बंद होतं.” मग मी बघायला लागले. शंखातला खेकडा डाव्या दगडावरून उजव्या दगडावर गेला. एक पांढरा, केसासारखा किडा भोकातून अर्धा बाहेर आला आणि मी हलल्याबरोबर आत गेला. गोगलगाईनं काचेवर वाट खाल्ली. हे सगळं मराठीत सांगायला मला शब्द शोधावे लागत, थांबावं लागे, आणि तो माणूस, जो चहासाठी बसत नसे, माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबत असे. मधे कधी शब्द पुरवला नाही त्यांनी.

एका सकाळी ट्यूबलाइट लावली आणि मधल्या दगडावर काहीतरी हिरवं दिसलं. मिटलेली बटणं उघडली होती. प्रत्येकाभोवती बारीक झालर, मध्ये फिकट ठिपका, आणि पाण्याच्या हालचालीबरोबर ती झालर हलत होती. आतोबा रात्रपाळी करून झोपले होते. त्यांना उठवायचं नाही अशी घरात सक्त ताकीद. मी त्यांच्या खाटेजवळ गेले, परत आले, पुन्हा गेले. “आतोबा, उठा. उघडलंय.” ते तसेच बनियनवर आले. बराच वेळ आम्ही दोघं काचेपाशी उकिडवे बसलो. मग आत्या पोळ्या टाकून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “एवढंच?” पण जाताना पुन्हा एकदा वळून पाहून गेली.

दुधाचा लॅक्टोमीटर आत्याच्या कपाटात होता, भंवर दूधवाल्याला धाकात ठेवायला. आतोबांनी तो पळवला, कारण त्यानं खाऱ्या पाण्याची दाटीही मोजता येते हे त्यांच्या लक्षात आलं. ताज्या आणलेल्या समुद्रात तो चांगल्या दुधाच्या खुणेच्या जरासा खाली तरंगला. भंवर चरवी घेऊन दारातच उभा होता. म्हणाला, “भिया, ये तो मेरे दूध से थोड़ा ही पतला है. समंदर वाला भी पानी मिलाता है क्या?” आतोबा इतके हसले की ते यंत्र पाण्यात पडता पडता वाचलं. भंवरचा मात्र त्या दिवसापासून टाकीवर जीव जडला. दूध देऊन झालं की खिडकीतून डोकावून विचारायचा, “सब ठीक?”

पहिला उन्हाळा आला आणि सगळं बिघडलं. माळव्याचं ऊन, पंख्याची गरम हवा, टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली. आतोबा कॅनमधला समुद्र घालून ते भरून काढत. समुद्रात समुद्रच घालायचा, त्यात विचार कसला करायचा. पण बटणं मिटली. आणखी समुद्र घातला. खेकडा शंखाबाहेर लोंबायला लागला. आतोबा पुन्हा घरभर फिरायला लागले. पंप उघडला, जोडला, दगड काढून परत लावले, कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले आणि दारातून परत फिरले. वीज गेली तर सायकलचा पंप घेऊन टाकीत हवा भरत बसायचे. असंच एकदा अक्का अकोल्याहून आल्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि आत्याला म्हणाल्या, “कुसुम, हा काय करून राहिला गं?”

“त्या खेकड्याचा श्वास घेऊन राहिले,” आत्या म्हणाली. “स्वतःचा विसरलेत.”

त्याच मुक्कामात अक्कांनी देवघरापाशी सावलीत ठेवलेली कॅन पाहिली, आतलं पाणी समुद्राचं आहे हे कळलं, आणि रामेश्वराला न जाता तीर्थ घरी आलं म्हणून त्यांनी ते ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, थोडं तोंडातही घातलं. आत्यानं मान खाली घातली आणि भाजी निवडत राहिली.

त्या संध्याकाळी आत्या आमटी उकळत होती. आतोबा स्वयंपाकघराच्या दारात फेऱ्या मारत तीच तीच तक्रार सांगत होते. आत्या वैतागून म्हणाली, “अहो, आमटी आटली की खारट होते ना? मग आपण तिच्यात मीठ घालतो की पाणी?” ते थांबले. लॅक्टोमीटर आणला. समुद्र शुद्ध दुधाच्या खुणेच्याही वर गेला होता. उडून जातं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, आणि आम्ही रोज त्यात आणखी मीठ ओतत होतो. “कुसुम,” ते म्हणाले, “तू कारखान्यात हवी होतीस.” “मला घरातच पुष्कळ कारखाना आहे,” ती म्हणाली. पण तिच्या लक्षात आलं होतं की आता रोज गोडं पाणी लागणार. देवासमध्ये. उन्हाळ्यात.

ह्यावरून त्या घरात जे खटके उडाले ते मी सगळे सांगणार नाही. बायका टँकरमागे धावत आणि आमच्याकडे टाकीला गाळून, उकळून, निववून पाणी. आत्या येणाऱ्या जाणाऱ्याला सांगे, “आमच्याकडे समुद्र आहे, प्यायला तेवढं पाणी नाही.” आतोबांनी आपल्या अंघोळीची बादली अर्धी केली. तिला ते पुरेना, तिनं बोलणं चालू ठेवलं. टाकीतल्या जीवांना घालायची सुकट तर घरात येऊच द्यायची नाही, म्हणून ती स्कूटरच्या डिकीत असे, आणि कॉलनीतली मांजरं आतोबांच्या स्कूटरमागे चालत. ते लोटाभर पाणी घेऊन, काचेच्या कडेनं, धार दिसणारही नाही असं हळू सोडत. एवढं सावकाश काम मी त्यांना दुसरं कुठलंच करताना पाहिलं नाही. हळूहळू सगळं उघडलं. साळवींनी एक चिमुकला खडकातला मासा आणून दिला, मग एक समुद्रफूल, फुलासारखा उमलणारा आणि मिटणारा जीव. मी कॉलेजला इंदूरला गेले, धारच्या शाळेत शिकवायला लागले, वर्षं गेली. सुट्टीला आले की दारातच विचारलं जायचं, पाळी कधीपासून घेतेस? आणि मला बोलायला पुष्कळ असायचं. वर्गात मुलांसमोर उभी राहून मी जे काही बोलते, ते ह्या टाकीसमोर शिकलेलं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं असेल असं धरून चालते... दुसरं काय करणार.

सकाळी कामाला निघताना अंगणातच ते गेले. स्कूटरला किक मारायला पाय उचलला आणि खाली बसले. आत्याला वाटलं, काही पडलं असेल, शोधतायत.

सुतकाचे ते दिवस मी तिथंच राहिले. आत्याच्या भावाची मुलगी, म्हणून मला सुतक नव्हतं. देवापाशी दिवा लावणं, तुळशीला पाणी घालणं माझ्याकडे आलं. त्याबरोबर मी टाकीचा पंप पाहत होते, लाइट लावत होते, कुणाच्या लक्षात येणार नाही असं पाणीही घालत होते. ऊन असं की एक दिवस चुकला तर पातळी खाली दिसावी. आतल्या खोलीत पुढचं ठरत होतं. अक्का म्हणत होत्या, कुसुमला मी अकोल्याला नेते, ती इथं एकटी राहून काय करेल, घराला कुलूप घाला. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. भावाचं सगळं रीतसर व्हावं, भावजयीला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आत्या कशालाच हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. तिला काय हवं आहे ते मला कळेना, आणि विचारायचं मला धैर्य होईना. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत होते. धारला शाळेत परीक्षा चालू होत्या, तिथून निरोप येत होते.

मग एका दुपारी बँकेच्या कामासाठी मला बाहेर धाडलं. परत यायला वेळ लागला. टाकीतलं पाणी त्या दिवशी घालायचं राहिलं होतं, ते आठवून मी घाईनं बैठकीत शिरले, तर पातळी कडेला लागलेली. वाटलं, चूक झाली बघण्यात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घातलं नाही आणि जेवणं झाल्यावर देवघराच्या दाराआड उभी राहिले. घर वामकुक्षीला लवंडलेलं. आत्या आली. हातात तिचा स्वतःचा पिण्याचा तांब्या. काचेला टेकून तिनं तो तिरपा केला आणि कडेकडेनं पाणी सोडलं, धार दिसणार नाही असं. तांब्या रिकामा झाला तरी ती तशीच उभी होती. नंतर तिनं पदरानं काचेवरचा ओघळ पुसला.

मी तिला दिसले नाही, किंवा दिसले असं तिनं दाखवलं नाही. आम्ही दोघींनी त्याबद्दल आजवर बोलणं काढलेलं नाही.

सध्या मी देवासलाच आहे. सुट्टी लागली, पुढे नोकरीचं काय ते ठरलेलं नाही. धारच्या घरी माझ्यावर राग आहे, तो समजण्यासारखा आहे. साळवी निवृत्त होऊन गावी गेलेत, तरी कॅन पाठवीन म्हणालेत. समुद्रफूल मधे चार दिवस आक्रसलं होतं, आता बरं आहे. मलाच स्वस्थता नाही. पंपाचा आवाज जरा बदलला की उठते, वीज गेली की सायकलचा पंप शोधते. आत्या म्हणते, “बस गं जरा.” बसते. टाकीसमोरच्या त्या खुर्चीत थोडा वेळ बसवतं. बाकी घरात नाही.

सुतक फिटलं त्या सकाळी अक्कांनी शेजारच्या पप्पूला बोलावलं होतं. त्यानं बागेचा हिरवा पाइप आणला, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं मोरीत नेलं. दगडांसाठी दोन पराती काढून ठेवल्या होत्या. “जीव आहेत ना ते? नदीत सोडून ये,” अक्का पप्पूला सांगत होत्या, आणि नदीत ते घटकाभरही जगणार नाहीत हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला सांगता आलं असतं की समुद्राला विटाळ नसतो, तुम्हीच ह्या पाण्याचं तीर्थ घेतलंय. ते ओठांवर आलंही. पण वादात त्या हरल्या असत्या तरी संध्याकाळच्या गाडीनं आत्याला घेऊन गेल्याच असत्या. टाकी कुलपाच्या आत आटली असती. आत्या आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

पप्पूनं पाइप तोंडाला लावला. मी मोरीपाशी गेले आणि त्याच्या हातातून तो काढून घेतला. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “अक्का, पाणी ओतायचं नाही. आत्या इथंच राहणार आहे, आणि मी पण.”